भट्टीची पांढरी माती

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा आहे. भिंगरीचं मला कधी वाईट वाटलं नाही, तिच्यावरच माझं पोट चालतं. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी तपासणं हा माझा धंदा आहे. कारखाना बंद पडतो, मालक निघून जातो, पत्रे आणि लोखंड भंगारात जातं. मागं जमीन उरते, आणि तिच्यात काय काय मुरलंय ते कुणीतरी खणून, मोजून सांगावं लागतं. ते मी सांगते. भुंग्याचं मात्र वेगळं आहे. तो कामाच्या वेळी गप्प बसतो आणि सगळं आवरल्यावर गुणगुणायला लागतो. बेंबळीच्या पुढच्या एका गावात त्यानं असंच केलं. ते इथं लिहून टाकते, कारण जिथं लिहायला हवं होतं तिथं मी लिहिलं नाही.

त्या गावाला लागूनच चारेक एकरांचा तुकडा होता. तिथं एके काळी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवत. कारखान्याला चांगलं लांबलचक नाव होतं, पण गाव त्याला भट्टीच म्हणायचं. भट्टी बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली होती आणि आता पंचायतीला तिथं अंगणवाडी बांधायची होती, शिवाय बाजारासाठी कट्टे. शिसं म्हणजे लहान मुलांचा वैरी. धुळीतून पोटात जातं, दिसत नाही, समजत नाही, आणि लेकराची बुद्धी वाढायच्या वयातच तिला खुंटवतं. म्हणून आधी आम्ही जमीन तपासायची, कुठली माती किती खोल खरवडून न्यायची ते सांगायचं, आणि मगच पायाचा दगड. पंचायतीला अर्थातच घाई होती. पी हळद आणि हो गोरी. पावसाच्या आत कागद हवा, असा निरोप रोज यायचा.

मी मे महिन्याच्या सुरुवातीला चार दिवसांसाठी गेले. फक्की टाकून सगळ्या जागेचे चौकोन पाडले. गावातले दोन गडी हाताच्या गिरमिटानं प्रत्येक चौकोनात भोक पाडायचे, मी वरची, मधली आणि खालची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नंबर टाकायची. माझ्याजवळ पिस्तुलासारखं एक यंत्र असतं. ते मातीला टेकवलं की अर्ध्या मिनिटात आत कुठला धातू किती आहे त्याचा अंदाज देतं. खरा निकाल प्रयोगशाळेचा. तो येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. नव्या पोरींना मीच तो शिकवते.

जागेची किल्ली एका म्हाताऱ्याच्या कमरेला होती. भट्टी चालू होती तेव्हा ते तिथले राखणदार होते. भट्टी बंद झाली तरी त्यांची राखण काही सुटली नाही. रोज सकाळी फाटक उघडून आत एक फेरी मारायचे, लिंबाखाली बसायचे, दुपारी फाटक लावून घरी. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. पहिल्याच दिवशी माझ्या पिशव्या बघून ते म्हणाले, "लोकं जमिनीत सोनं हुडकत्यात. म्याडम मातीच पुड्यात बांधायल्यात. इकायला न्यायलाव का काय?"

मी म्हटलं, "आबा, तुमच्या गावची माती पुण्यात लई महाग जाते."

"मग आमाला पयलंच सांगायचं न्हाय व्हय. समदी फुकट वाटली की म्या," आबा म्हणाले आणि हसले. मीही हसले. त्या हसण्यात मी काय ऐकलं नाही, ते मला पुढं कळलं.

दुपारचं जेवण त्यांच्याच घरी व्हायचं. तशी सोय पंचायतीनं लावली होती. आबांची सून अंगणवाडीत मदतनीस होती. अंगणवाडी तेव्हा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. पाऊस आला की पोरं घरी आणि पालखीचे भोई आले की पोरं उन्हात, असा कारभार. नवरा पुण्याकडं गाडी चालवायला, घरात ही, आबा आणि नऊ महिन्यांचा मुलगा. मुलगा नुकता रांगायला लागला होता. हाताला लागेल ते तोंडात. नवी अंगणवाडी झाली की हेच तिथलं पहिलं गिऱ्हाईक, असं ती म्हणायची. म्हणून रोज ताटात भाकरी टाकता टाकता तिचा एकच प्रश्न असायचा, "कसं निगालं म्याडम? आमच्या लेकराला तिथं बसवावं का न्हाय?"

त्यांचं घर म्हणजे दोन खणांचं माळवद. मी कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरूम गावची. आमचं जुनं घरही माळवदाचंच होतं, त्यामुळे आत पाऊल टाकताच बरं वाटलं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. बाहेर वणवा पेटला तरी आत गार. दरवर्षी पावसाच्या आधी वरचं गवत उपटायचं, नव्या पांढऱ्या मातीचा थर द्यायचा आणि चोपून काढायचा. गवताची मुळं खोल गेली की माळवद गळतं, म्हणून त्या गवताचा राग घराघरात. आणि माळवद कितीही चांगलं असलं तरी फळ्यांच्या फटींतून माती झरतच राहते. लहानपणी आमच्या अंथरुणावर सकाळी बोटभर धूळ असायची. आई तुळयांना जुनं लुगडं ताणून बांधायची, तरी ताटात मातीची खर यायचीच, आणि तक्रार केली तर आई कानडीत दोन शब्द सुनवायची. हे सगळं मला माहीत होतं. सोलापुरात स्लॅबच्या घरात राहून माहीत असलेलं विसरायला होतं, एवढंच. सुनेनं मुलाची झोळी मधल्या तुळईला बांधली होती.

तिसऱ्या दिवशी काम चांगलं चाललं होतं. जिथं शिसं वितळवायचे त्या ओट्याभोवती यंत्र बोंबलत होतं, ते अपेक्षितच होतं. तेवढी माती दोन फूट खरवडून विषारी कचऱ्याच्या जागी न्यायला सांगायची. पण अंगणवाडी बांधायची होती त्या बाजूला आकडे अगदी साधे, कुठल्याही शेतात निघतील तसे. मी खूश होते. भूक लागली होती. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, आबा उंबऱ्याशी टेकून बसले होते, मी पहिला घास मोडला आणि तिनं रोजच्यासारखं विचारलं.

मी म्हणाले, "चांगली निघतेय माती. काळजी करू नका."

आबा एकदम सरळ बसले. "म्हंजे भट्टीतल्या मातीला भ्यायचं कारन न्हाय?"

"नाही आबा. बिनधोक आहे."

निम्म्याहून जास्त पिशव्या अजून प्रयोगशाळेत जायच्या होत्या. दीड एकर बघायचा राहिला होता. ओट्याजवळचे आकडे मी त्यांच्या घरी सांगितलेही नव्हते. पण भाकरी गरम होती, मूल मांडीवर येऊन बसलं होतं, आणि चांगली बातमी द्यायचा मोह मला आवरला नाही. लोकांना खूश केलं की मला जरा स्वस्थ वाटतं. हा माझा जुना दोष आहे.

चौथ्या दिवशी जेवायलाही न जाता राहिलेला दीड एकर उरकला. कोपऱ्यात सिमेंटचा एक मोठा हौद होता. बॅटऱ्यांमधलं आम्ल तिथं ओतून त्यात चुना घालत आणि आम्ल मारून टाकत. खाली जो गाळ बसतो तो वाळला की पांढराशुभ्र, पिठासारखा मऊ होतो, आणि त्यात शिसं ठासून भरलेलं असतं. हौद रिकामा होता. मी कागदावर 'हौद रिकामा' असं लिहिलं, पुढं बरोबरची खूण केली आणि गाडीत बसले.

सोलापूरला आल्यावर भुंगा सुरू झाला. जेवताना, अंघोळ करताना, भाजी निवडताना तो हौद डोळ्यांपुढून हलेना. रिकामा हौद मी कितीतरी पाहिलेत. त्यांत पाचोळा असतो, पावसाचं पाणी साचून शेवाळलेलं असतं, मेलेला सरडा असतो. हा तसा नव्हता. याचा तळ खराट्यानं झाडल्यासारखा होता. मी जुन्या फायली काढल्या. भट्टी बंद करताना झालेल्या पाहणीचा कागद सापडला, त्यात हौद काठोकाठ भरलेला असल्याची नोंद होती. तो नंतर कुणी उपसून नेल्याचा कागद कुठंच नव्हता. ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, हौद रिकामा आहे, ही चांगलीच गोष्ट आहे ना? डोक्याला कशाला ताप करून घेता?" मी फोन ठेवला. प्रयोगशाळेचे निकाल आले, ते माझ्या अंदाजाप्रमाणेच. सही करायची तेवढी राहिली होती. मी पेन उचलायची, ठेवायची, गॅलरीत जायची, परत यायची. असे दहा दिवस काढले आणि अकराव्या दिवशी कुणाला न विचारता, न सांगता गाडी काढून त्या गावाला गेले.

फाटकाला कुलूप होतं म्हणून सरळ आबांच्या घरी गेले. मी दिसताच सुनेला कोण आनंद. "आला का कागद?" म्हणत तिनं पाण्याचा तांब्या दिला. मी आत टेकले आणि वर पाहिलं. झोळीच्या वर तुळयांना ताणून बांधलेल्या लुगड्याला मध्ये झोळ आला होता. त्यात पांढरं काहीतरी साचलं होतं. झोळीच्या दोरीवर, मुलाच्या केसांत, चुलीजवळच्या पाटीवर तीच पांढरी पूड. माळवदाच्या मातीला एक मळका पिवळट रंग असतो. ही दुधासारखी होती.

"हे काय पडलंय?" मी विचारलं.

"माळवदाची माती की. आबांनी नवा थर दिलाय न्हाय का. अजून नीट दबली न्हाय, म्हनून झरायली."

आबा तेवढ्यात बाहेरून आले. त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगायला सुरुवात केली. "लई गुनाची माती हाय म्याडम ती. भट्टीच्या हौदातली. एकदा टाकली की गवताची काडी उगवत न्हाय, थेंब गळत न्हाय. भट्टी बंद पडली तवाच म्या समदी गल्लीला वाटली. कुनाकडनं काय घेतलं न्हाय. माझ्याजवळ सा पोती ऱ्हायली व्हती. तुमी तपासायला येनार कळलं तवा पंचायतीत कुनी तरी म्हनलं, भट्टीची माती इखारी असती. म्या भ्यालो. हौद झाडून घेतला, पोती गोठ्यात झाकून ठिवली. मग तुमीच म्हनलाव भ्यायचं कारन न्हाय. त्याच सांजच्याला गडी लावून वर चढवली."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या माणसानं चोरी केली नव्हती. त्यानं गावावर उपकार केले होते. पांढरी माती दिसली, गवत उगवत नाही हे पाहिलं, आणि माळवदाखाली जन्म काढलेल्या माणसाला जे सुचेल तेच त्याला सुचलं. गवत का उगवत नाही, हा प्रश्न मी विचारायचा होता. गल्लीतनं चालताना माळवदांच्या कडा मला चार दिवस दिसत होत्या. निम्म्या घरांवर वाळकं गवत होतं आणि निम्मी घरं गुळगुळीत, पांढरी होती. डोळे असून बघितलं नाही.

गाडीतून यंत्र आणून मी त्या लुगड्याला खालून टेकवलं. आकडा चढत गेला, भट्टीच्या ओट्याला मागं टाकून पुढं गेला. सून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं झोळीतून मूल उचललं आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता शब्दाशब्दानं आठवत नाही. एवढं आठवतं, की आबा ऐकून घेत होते आणि एकदम वळून त्यांनी कोपऱ्यातलं फावडं घेतलं, शिडी लावली आणि वर चढायला लागले. "आत्ता काढतो. आत्ता समदी खाली फेकतो." मी ओरडले. सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे करून ओरडले. सुकी माती वरून फेकली असती तर सगळी गल्ली त्या धुळीत गेली असती. ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तसेच थांबले. खाली उतरायला त्यांना हात द्यावा लागला.

पुढचे दोन आठवडे मी झोपले असेन नसेन. पांढऱ्या माळवदाची सगळी घरं रिकामी करून माणसं शाळेच्या खोल्यांत नेली. सुट्टी होती म्हणून बरं. माळवदं आधी पाण्यानं भिजवायची, ओली माती पोत्यांत भरायची, तोंडाला फडकं, हातात मोजे, मग फळ्या धुवून वर पत्रे. लहान मुलांचं रक्त तपासायला पाठवलं. बऱ्याच मुलांत थोडं थोडं शिसं निघालं. सुनेच्या मुलात सगळ्यांत जास्त. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा, खाणंपिणं सांभाळा, ठरावीक दिवसांनी रक्त तपासत राहा. बुद्धीवर परिणाम होईल का, असं तिनं विचारलं. ते मूल वाढेल तसं कळेल, असं उत्तर मिळालं. त्या माळवदावर जुना थर होताच. त्यावर नवी सहा पोती पडली ती माझ्या शब्दावर. मुलाच्या रक्तात जुन्यातलं किती आणि माझ्यातलं किती, ते कुठलंच यंत्र सांगत नाही.

मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. मी टेबलामागं खुर्चीवर, पुढ्यात फाईल. लोक चिडले होते आणि चिडायचा त्यांना हक्क होता. एक बाई उठून आबांना म्हणाली, "पयल्या बारीला तुमाला म्हाईत नव्हतं, मान्य. पर यंदा पंचायतीत बोलनं झालं व्हतं. तरी सा पोती कामून चढवली? कुनी सांगितलं तुमाला?"

आबा उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. "कुनी न्हाय सांगितलं," ते म्हणाले. "माझ्याच मनानं चढवली. माझी चूक हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सून बायकांत बसली होती, मूल मांडीवर. तिनं पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. मला फक्त उठून म्हणायचं होतं की मी सांगितलं. दोन शब्दांचं काम. एरवी मला दोन मिनिटं बसवत नाही. त्या दिवशी मी मूग गिळून बसून राहिले, सभा संपेपर्यंत, खुर्ची न सोडता. नोकरीची भीती वाटली, लोकांची वाटली, आणि सगळ्यांत जास्त सुनेच्या नजरेची वाटली. लोक आबांना जे बोलले ते मी सगळं ऐकलं.

अहवाल मी पुरा केला. त्यात एक रकाना असतो, दूषित माती जागेबाहेर कशी गेली याचा. तिथं मी लिहिलं, 'स्थानिक रहिवाशांच्या अज्ञानामुळे.' खाली माझी सही आहे. साहेबांनी अहवालाचं कौतुक केलं.

पाऊस संपता संपता सुनेचा फोन आला. मुलाच्या रक्तातलं शिसं बरंच उतरलं होतं. मुलगा चालायला लागला होता, आणि अंगणवाडीचा पाया खणायला सुरुवात झाली होती. मी म्हटलं, फार बरं झालं. आबा कसे आहेत?

"हायती," ती म्हणाली. "लेकराला हात लावत न्हायती. ते जवळ आलं की उठून बाहीर जात्यात." मग म्हणाली, "पंचायतीत तुमचा कागद लावलाय. आबांनी मला वाचून दावायला लावला. समदा वाचला."

"काय म्हणाले?"

"म्हनले, म्याडमनी बरोबर लिवलंय."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार?" ती म्हणाली. "म्या तर तितंच होते की म्याडम. तुमच्याच ताटात भाकरी टाकायले होते."